खारघरच्या डोंगराखाली गोल्फ: ठाण्याहून पहाटे निघून जेवायला घरी

खारघरला गोल्फ खेळायला जायचं ठरलं की ठाणेकराने सगळ्यात आधी रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघावं. क्लब (बॉल मारायच्या काठ्या), बूट, टोपी हे नंतर. चेष्टा नाही करत. मी चरईत राहते, तुर्भ्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते, आणि घरातली-ऑफिसातली चार डोकी गोळा करून खारघरला न्यायचं काम दर वेळी माझ्याच गळ्यात येतं. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. डोंगराच्या पायथ्याचा कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, माणसाला दमवतो तो स्विंग (क्लब फिरवणं) वाईट म्हणून कमी, वेळ चुकली म्हणून जास्त. ऊन, पाऊस, उजेड, लोकल, भूक सगळं घड्याळाला बांधलेलं आहे. घड्याळ जमवलं की यथातथा खेळणाऱ्यालाही मजा येते, आणि आम्ही सगळे यथातथाच खेळतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सिडकोचा आहे आणि पैसे भरून कोणालाही खेळता येतो. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा ताडदेवचा विलिंग्डन आठवतो. तिथे मेंबरशिप लागते, नाहीतर कोणा मेंबरचं बोट धरून जावं लागतं. खारघरला तसं नाही. दिल्लीत तिथल्या विकास प्राधिकरणाचा, म्हणजे डीडीएचा, कुतुब गोल्फ कोर्स आहे त्याच जातीचा हा. सुरुवात अकरा होल्सने झाली, पुढचा आराखडा अठराचा. (होल म्हणजे कोर्सचा एक टप्पा: एका टोकाहून मारत जाऊन बॉल शेवटी भोकात घालायचा.) त्यामुळे बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न हाच: सध्या किती होल्स खुली आहेत, आणि तुम्ही आम्हाला त्यातली किती देणार?

आधी टी टाइम, मग बाकीचं

लग्नाचा मुहूर्त निघाला की मग वऱ्हाडाची बस, नाश्ता, नवरीची वेणी-फणी असं सगळं उलटं मोजत यायचं असतं. टी टाइमचं, म्हणजे पहिला बॉल मारायच्या ठरलेल्या वेळेचं, तसंच. आधी तो हातात घ्या आणि मग मागे मागे मोजत या.

समजा सातचा टी टाइम मिळाला. पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला बॉल मारतात तिथे, दहा मिनिटं आधी उभं राहायचं. त्याआधी पैसे भरणं, भाड्याचा क्लबांचा सेट घेणं, बूट बदलणं, दोन-चार पट (हलके टोले) मारून ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताचा, वेग बघणं याला अर्धा तास धरा. म्हणजे गेटवर सव्वासहा. चरई किंवा नौपाड्याहून गाडीने तीसेक किलोमीटर आहे आणि पहाटे रस्ता मोकळा असतो, तरी तासभर हातात ठेवा, कारण चार जणांना उचलायचं म्हणजे एक जण तरी "आलोच खाली" म्हणून दहा मिनिटं लावतो. सव्वापाचला गाडी हलली पाहिजे. मी ग्रुपवर पाच लिहिते.

थंडीत याहून लवकरचा हट्ट धरू नका. डिसेंबरच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो, जानेवारीत तर सव्वासात वाजतात. अंधारात मारलेला बॉल सापडत नाही आणि गोल्फमध्ये बॉल शोधायला नियमाने फक्त ३ मिनिटं मिळतात. मेमध्ये उलट. सहाला उजाडतं, त्यामुळे कोर्स जो सगळ्यात लवकरचा वेळ देईल तो घ्यायचा. नऊनंतर मेमधला फेअरवे (टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) म्हणजे शिक्षा आहे.

दुपारच्या टी टाइमबद्दल एक गोष्ट ठाण्यात बसून लक्षात येत नाही. खारघरची डोंगररांग बेलापूर-नेरुळची बाजू आणि खारघर यांच्या मधोमध उभी आहे, म्हणजे कोर्सवरून बघितलं तर मावळतीकडे. सकाळचं ऊन पहिल्या शॉटपासून अंगावर येतं, आडोसा नाही. संध्याकाळी मात्र कॅलेंडरात सूर्यास्त सहाला लिहिला असला तरी सूर्य त्याच्या बराच आधी डोंगराआड जातो. सावली छान वाटते, पण शेवटच्या दोन ग्रीनवर उतार दिसेनासा होतो. थंडीत दुपारी खेळणार असाल तर दोनच्या आतला वेळ घ्या, नाहीतर नऊच होल्सचे पैसे भरा.

नऊ की अठरा? शिकाऊ चौकडीला नऊ होल्सना अडीच तास सहज लागतात. अठराला पाच, आणि चालणं नऊ-दहा किलोमीटर. तेही चढ-उतारावर. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी नऊच सांगते. नवव्या होलनंतर ज्याच्या अंगात उत्साह उरतो त्याने ड्रायव्हिंग रेंजवर (लांब मारायच्या सरावाच्या जागी) एक बादली बॉल मारावेत, बाकीच्यांनी चहा प्यावा.

फोनवर काय विचारायचं

दर बदलत असतात म्हणून मी इथे आकडे देत नाही. पण कुठले आकडे विचारायचे ते सांगते, कारण लोक ग्रीन फी (खेळायचे पैसे) विचारून फोन ठेवतात आणि तिथे काउंटरवर तोंड पाडतात. शनिवार-रविवारचा दर वेगळा आहे का? कॅडी (बॅग उचलून बरोबर चालणारा माणूस) घ्यावाच लागतो का, आणि त्याचे पैसे ग्रीन फीमध्ये धरलेत की हातात द्यायचे? भाड्याचा सेट किती जणांना मिळेल, त्यात डावखुऱ्याचा आणि बायकांचा आहे का? एका बॅगेत दोघांनी खेळायला परवानगी आहे का? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण बरेच कोर्स प्रत्येकाकडे स्वतंत्र सेट मागतात. हँडिकॅप सर्टिफिकेट (खेळाची पातळी सांगणारा दाखला) लागतं का? न खेळणारा माणूस बरोबर चालू शकतो का, आणि त्याचे पैसे पडतात का? पाऊस आला तर पैसे परत की पुढची तारीख?

शेवटचं उत्तर मेसेजवर लिहून घ्या. एका कोर्सवर, खारघरला नाही, आमच्याशी फोनवर एक बोलणं आणि काउंटरवर दुसरं असं झालं. लिहिलेलं काही नसल्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं.

आणि कपडे. कॉलरचा टी-शर्ट, साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स. जीन्स नको, गोल गळ्याचा टी-शर्ट नको. बायकांनी ओढणी घरी ठेवावी, बॅकस्विंगला (क्लब मागे नेताना) ती नको तिथे येते. बूट रबरी टोचे असलेले. नसतील तर चांगली पकड असलेले साधे स्पोर्ट्स शूज चालतात का हे त्याच फोनवर विचारून टाका.

महिना निवडताना

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. यात वाद नाही. ऑक्टोबर हीटमध्ये दमट हवेने ग्लोव्ह पिळून काढावा लागतो, आणि मार्चपासून डोंगर पिवळा पडतो. त्या पिवळ्या डोंगराला वणवे लागतात. वणवा कोर्सवर येत नाही, पण आदल्या रात्री रांगेवर लाल रेघ दिसली तर सकाळी हवेत धूर आणि ग्रीनवर काळी राख असू शकते. दम्याचा त्रास असलेल्याने अशा दिवशी सरळ तारीख बदलावी. तळोज्याच्या बाजूने थंडीत सकाळी जे धुरकं येतं त्याबद्दल खारघरवाले नेहमीच तक्रार करतात, तेही ध्यानात ठेवा.

जूनमध्ये पाऊस लागला की डोंगर एका आठवड्यात हिरवागार होतो आणि सगळ्यांना वाटतं आता जावं. दिसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खेळायला मात्र जमीन स्पंज झालेली असते. बॉल पडतो तिथेच रुततो, घरंगळत जाण्याचं सुख मिळत नाही. नियम मात्र तुमच्या बाजूने आहेत आणि शिकाऊ लोकांना ते माहीत नसतात. तुम्ही उभे राहिल्यावर पायाभोवती साठलेलं पाणी दिसत असेल तर तिथून दंडाशिवाय बॉल उचलून जवळच्या कोरड्या जागी, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करता (खाली सोडता) येतो. फेअरवेत किंवा रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) स्वतःच्याच खड्ड्यात रुतून बसलेल्या बॉललाही तीच सवलत.

पावसाला मी फारशी घाबरत नाही. विजेला घाबरते. कोकणपट्टीत ऐन जुलैच्या झडीत विजा कमी असतात. खऱ्या धोक्याच्या दिवसांत मेअखेर-जूनच्या सुरुवातीचे आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमधले परतीच्या पावसाचे दिवस येतात, आणि तेही दुपारनंतर. मोकळं मैदान आणि हातात धातूची काठी! वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. ३० च्या आत आवाज आला तर क्लब बॅगेत टाकून क्लबहाऊसमध्ये किंवा गाडीत जाऊन बसा. झाडाखाली नाही, उघड्या बग्गीतही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. विजेची भीती वाटून खेळ थांबवला तर दंड बसत नाही, मॅच कितीही अटीतटीची असो.

पांडवकड्याचा धबधबा इथून जवळ आहे म्हणून पावसाळ्यात "येता येता तिकडेही" असं कोणीतरी म्हणतंच. माझं उत्तर ठरलेलं: नाही. तिथे माणसं वाहून गेलेली आहेत आणि पावसाळ्यात तिकडे जायला मनाई असते. गोल्फच्या दिवशी गोल्फ.

जायचं कसं

गाडी असेल तर ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रोड धरून उरण फाटा, तिथून सायन-पनवेल हायवेने बेलापूर ओलांडून खारघर. आत शिरलं की उत्सव चौक आणि तसंच सेंट्रल पार्कच्या दिशेने. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, म्हणून आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर निघण्याआधी कळव्यातल्या कोणालातरी फोन करा. मुंब्रा बायपास-शिळफाटा-तळोजा असाही रस्ता आहे. ट्रेलरच्या मागे तिष्ठत उभं राहायची हौस असेल तर तो घ्यावा.

लोकलनेही जाता येतं, आणि एकटी असले की मी तशीच जाते. ठाण्याहून पनवेल लोकलने बेलापूर, तिथून मेट्रो. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची पहिली मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्यावर सेंट्रल पार्क नावाचं स्टेशनच आहे. तिथे उतरून रिक्षा करायची, खांद्यावर ओझं घेऊन चालत जाऊ नये. सुट्टीच्या दिवशी सेंट्रल पार्क आणि इस्कॉन मंदिर या दोन्हींची गर्दी असते, पण ती उशिरा जमते, सकाळी रस्ता तुमचाच. सातचा टी टाइम असेल तर पहिल्या मेट्रोची वेळ आदल्या दिवशी बघून घ्या, नाहीतर खारघर स्टेशनला उतरून थेट रिक्षा करा.

आता मेगाब्लॉक. रविवारी ट्रान्स हार्बरला (ठाणे-पनवेल लोकलच्या मार्गाला) ब्लॉक असला तर तो साधारण अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो. म्हणजे जाताना काही त्रास होत नाही. परत येताना, पाय दुखत असताना आणि पोटात कावळे ओरडत असताना, स्टेशनवर घोषणा ऐकू येते. म्हणून रविवारी लोकलने जाणाऱ्याने एकतर साडेदहाच्या आत परतीची गाडी पकडावी किंवा शनिवार घ्यावा. आठवड्यातल्या दिवशी रजा टाकून गेलात तर दर कमी असण्याची शक्यता, कोर्स रिकामा, पण संध्याकाळच्या लोकलमध्ये गोल्फ बॅग घेऊन चढायचा विचारसुद्धा करू नका.

कोणाला न्यायचं

चार जण म्हणजे एक गट, त्याच्यापुढे दोन गाड्या, दोन टी टाइम, दोन भांडणं. माझ्या चौकडीत मी, धाकटी जाऊ, कॉलेजात शिकणारा भाचा आणि ऑफिसातले एक साहेब. माझे यजमान खेळत नाहीत, पण परवानगी असेल तिथे बॅग घेऊन बरोबर चालतात. सुरुवातीला ते लाजायचे. मग मी त्यांना टोकियो ऑलिंपिकची आठवण करून दिली. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्णपदक आलं त्याच दिवशी पहाटेपासून आपण सगळे, ज्यांना बर्डी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं ते सुद्धा, गोल्फपटू अदिती अशोकसाठी टीव्हीसमोर बसलो होतो. ती चौथी आली, पदक एका स्ट्रोकने हुकलं. त्या चारही दिवस तिची बॅग घेऊन चालत होती तिची आई. तेव्हापासून हे निमूट बॅग उचलतात.

चौघांपैकी दोघे अगदी नवे असतील तर प्रत्येकाने आपापला बॉल होलमध्ये घालायचा आग्रह सोडा. स्क्रॅम्बल खेळा. चौघांनी मारायचं, त्यातला सगळ्यात बरा बॉल निवडायचा, पुढचा शॉट चौघांनी तिथूनच. नव्या माणसाचा एखादा पट पडला तरी त्याचं नाव होतं, आणि मागचा गट कमरेवर हात ठेवून उभा राहत नाही. मागचे वेगात असतील तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या, हात करा, हसा. यात कमीपणा नाही.

बॅगेत काय

नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. आपल्याला सात पुरतात: एक ड्रायव्हर किंवा लाकडी म्हणतात तसला फेअरवे वूड, एक हायब्रिड, सहा, सात आणि नऊ नंबरची आयर्न (नंबर लहान तितका बॉल लांब), एक सँड वेज (वाळूतून आणि जवळून उंच उडवायला), पटर (ग्रीनवर पट करायला). पायथ्याची जमीन आहे, मातीखाली कुठे दगड असेल सांगता येत नाही, म्हणून रफमधून मारायला जुनीच वेज ठेवा. सुटे खडे, काटक्या, पाचोळा हाताने बाजूला करायला परवानगी आहे, २०१९ पासून बंकरमध्येसुद्धा (वाळूच्या खड्ड्यात). फक्त ते करताना बॉल हलता कामा नये.

बॉल भरपूर न्या आणि नवे नेऊ नका. रंग महिना बघून निवडा. पावसाळी हिरव्या गवतात नारंगी-गुलाबी झकास दिसतो, फेब्रुवारीच्या वाळक्या गवतात पिवळा बॉल तोंडासमोर असून दिसत नाही, तिथे पांढराच बरा.

टॉवेल म्हणून पंचा. दुकानातल्या हुक लावलेल्या गोल्फ टॉवेलपेक्षा सुती पंचा घाम, चिखल आणि पाऊस तिन्ही जास्त टिपतो, आणि लगेच वाळतो. एक ओला करून मानेवर टाकायला, एक कोरडा ग्रिपसाठी, म्हणजे क्लबच्या मुठीसाठी. ग्लोव्ह दोन. पाणी माणशी दीड-दोन लिटर. त्यातल्या एका बाटलीत कोकम सरबत, मीठ थोडं जास्त घालून. खायला केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. चिक्की नको, उन्हात गूळ पाघळून हाताला चिकटतो आणि मग ग्रिपला. छत्री, मोज्यांचा जादा जोड, प्लास्टिकची पिशवी. झालं.

डोंगर कुठे आहे ते बघा

आता खेळाचं. सपाट जागी शिकलेला माणूस पायथ्याच्या कोर्सवर सगळ्यात जास्त फसतो तो ग्रीनवर. एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल.

डाव्या हाताला डोंगर. जाऊबाईंचा बॉल होलपासून चार पावलांवर. त्या खाली वाकल्या, डोळा बारीक केला आणि म्हणाल्या, "सपाट आहे. सरळ मारते."

कॅडी बॅग टेकवून उभा होता. म्हणाला, "ताई, एक वीत डावीकडे धरा."

"डावीकडे? तिकडे चढ दिसत तर नाही."

"दिसायचा नाही. पण पावसात ह्या ग्रीनवरचं पाणी कुठे पळतं ते आम्ही रोज बघतो. पाणी कधी डोंगरावर चढतं का?"

जाऊबाईंनी अविश्वासाने वीतभर डावीकडे धरून पट केला. बॉल अर्ध्यापर्यंत सरळ गेला, मग वेग कमी झाला तसा उजवीकडे कलला आणि होलच्या काठाला लागून आत पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच उतार लपवून ठेवला होता.

यामागचं कारण साधं आहे. शेजारी एवढा मोठा उतार उभा असला की त्याच्यापुढे ग्रीनचा बारीक उतार डोळ्याला जाणवत नाही. कधी कधी तर उलटाच भासतो, डोंगराकडे उतरल्यासारखा. ग्रीन बांधणाऱ्याला मात्र डोंगरावरून येणारं पाणी बाहेर काढायचं असतं, म्हणून तो ग्रीनला डोंगरापासून लांब कलवतो. तेव्हा ग्रीनवर जाताना आधी डोंगर कुठे आहे ते बघा, मग बॉल आणि होलच्या मधल्या रेषेच्या बाजूने हळू चालत जा. कुठल्या पायावर भार पडतोय ते तळव्यांना कळतं. डोळे आणि तळवे यांचं पटलं नाही तर तळव्यांचं ऐका. आणि कॅडीला विचारा. मान ठेवून "दादा" म्हणून विचारा. तो ते ग्रीन बाराही महिने बघतो, आपण सहा महिन्यांतून एकदा.

फेअरवेवरचं गणित असं. ग्रीन तुमच्यापेक्षा १० मीटर उंचावर असेल तर अंतर साधारण १० मीटर जास्त धरा, खाली असेल तर तेवढं कमी. म्हणजे साताच्या जागी सहा, किंवा उलट. चढावर उभं राहून मारलं की बॉल उंच आणि डावीकडे जातो, उतारावरून मारलं की खालून आणि उजवीकडे. बॉल पायांपेक्षा उंचावर असेल तर डावीकडे, खाली असेल तर उजवीकडे. हे उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं झालं, डावखुऱ्यांनी आरसा धरावा. चढ-उतारावर खांद्यांची रेषा जमिनीच्या उताराला समांतर ठेवा, आणि चारही ठिकाणी एकच पथ्य: पाऊण स्विंग करा. पूर्ण ताकद लावली की तोल गेलाच.

बॉल लांब रफमध्ये गेला, सापडेल असं वाटत नाही, तर पुढे चालायच्या आधीच "प्रोव्हिजनल (तात्पुरता बॉल) मारतोय" असं मोठ्याने सांगून दुसरा मारून ठेवा. तसं सांगितलं नाही तर तो दुसराच बॉल खेळात धरला जातो आणि दंड बसतो तो वेगळा. माणसांच्या दिशेने गेला तर "फोर!" म्हणून ओरडा, म्हणजे "सांभाळा!". भाचा एकदा "सॉरी!" म्हणून ओरडला. सॉरी ऐकून कोणी डोकं झाकत नाही.

रफमध्ये हात घालायचा नाही. हे मी प्रत्येक वेळी गाडीतच सांगते. डोंगरपायथा आहे, नाग, घोणस, फुरसं, मण्यार यांच्या मुलखात आपण पाहुणे. आधी क्लबने गवत चाळवायचं, जरा थांबायचं, मग बघायचं. बॉलजवळ साप असेल तर नियमच सांगतो की धोका नसलेल्या जवळच्या जागी फुकट ड्रॉप घ्या. विषारी साप किंवा गांधीलमाशीचं पोळं असल्या गोष्टींसाठी नियमांच्या पुस्तकात वेगळं कलम आहे, १६.२. काट्यांच्या झुडपात बॉल गेला तर मात्र ही सवलत नाही, ते आपलं नशीब.

उन्हाळ्यात टिटव्यांचंही बघा. त्या उघड्या जमिनीवर खड्यांमध्येच अंडी घालतात आणि अंड्यांचा रंग खड्यांसारखाच. जोडी डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करू लागली की तुम्ही घरट्याच्या जवळ आहात. तो बॉल सोडून द्या, दुसरा टाका, पुढे व्हा.

ग्रीनवर बॉल पडून झालेला खळगा टीने कडेने आत ढकलून बुजवा, बंकरमधली पावलं दाताळ्याने सारखी करा, उखडलेला गवताचा तुकडा परत बसवून पायाने दाबा. पब्लिक कोर्स म्हणजे उद्या तिथे दुसरा कोणीतरी ठाणेकर येणार आहे.

परतताना

कॅडीला टिप रोख द्या, हातात द्या. सुटे पैसे आदल्या दिवशीच काढून ठेवा, पहाटे पाचला शंभराच्या नोटा कुठून आणणार? क्लबहाऊसमध्ये चहा घ्या, पण पोटभर नाश्ता तिथे करायचा की उत्सव चौकाकडे, हे आधी ठरलेलं बरं. भुकेल्या चार माणसांची मतं जुळत नाहीत. आमच्यात साहेबांना इडली लागते, भाच्याला वडापाव, आणि मी ठाण्याला पोचून मामलेदारची मिसळ खाण्याच्या बाजूची. मत मागितलं तर मिसळ हरते, म्हणून गाडी मी चालवत असले की मत मागत नाही.

आणि हिशेब खारघर सोडायच्या आधी. ग्रीन फी, कॅडी, भाड्याचे सेट, रेंजचे बॉल, पेट्रोल, नाश्ता सगळं एका कागदावर. सेट ज्याने घेतला त्याने द्यायचा, बाकी सगळं भागिले माणसं. न खेळणारा फक्त पेट्रोल आणि नाश्त्यात. पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या यूपीआय करून मोकळं व्हा. "घरी गेल्यावर पाठवतो" म्हणणाऱ्याचं नाव मी पुढच्या टी टाइमच्या यादीत पैसे आल्यावरच घालते.